शस्त्र, कथा आणि स्थळ : साहसपटाचा प्रेक्षक व तंजावूरचा राजवाडा

चित्रपट पाहून बाहेर पडणारा माणूस जे बोलतो ते सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. समीक्षकाचा लेख वृत्तपत्रात छापला जातो, तिकीटविक्रीचे आकडे व्यापाऱ्यांच्या वहीत चढतात. परंतु चित्रपटगृहाच्या पायरीवर, परतीच्या बसमध्ये किंवा दुसऱ्या दिवशी कचेरीत जो अभिप्राय व्यक्त होतो, तो बोलता बोलताच विरून जातो. तलवारबाजी, घोडदौड, कपटकारस्थाने आणि अद्भुत योगायोग यांनी भरलेल्या साहसपटाच्या बाबतीत तर हा अभिप्राय विशेषच हलका लेखला जातो. करमणूक झाली किंवा झाली नाही, यापलीकडे अशा चित्रपटाच्या प्रेक्षकाला काही म्हणावयाचे असते असे फारसे कोणी मानीत नाही. हा समज तपासून पाहणे, एवढाच या व्याख्यानाचा उद्देश आहे. त्यासाठी तंजावूरच्या राजवाड्याचे हे आवार सर्वांत सोयीचे आहे. प्रेक्षक काय पाहतो आणि काय मागतो, याचा कित्येक शतकांचा पुरावा या नगरीत आणि तिच्या परिसरात जमा झालेला आहे.

अलीकडचे उदाहरण प्रथम घेऊ. ‘पोन्नियिन सेल्वन’ या तमिळ चित्रपटाचा पहिला भाग ३० सप्टेंबर २०२२ रोजी व दुसरा भाग २८ एप्रिल २०२३ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक मणिरत्नम आणि संगीतकार ए. आर. रहमान. पोन्नी हे कावेरीचे नाव; तेव्हा शीर्षकाचा अर्थ कावेरीचा लाडका पुत्र, म्हणजे पुढे राजराज या नावाने विख्यात झालेला चोळ राजपुत्र. चित्रपटाचा आधार असलेली कल्की कृष्णमूर्ती यांची कादंबरी १९५० ते १९५४ या काळात त्यांच्याच ‘कल्की’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. मणियम यांनी तिच्यासाठी चित्रे काढली होती. पाच भागांची ही कादंबरी तमिळनाडूतील घराघरांत वाचली गेली. साप्ताहिकातील प्रकरणे कापून, शिवून, घरीच त्यांचे ग्रंथ बांधण्याचा रिवाज होता.

कथेचा काळ दहाव्या शतकाचा आहे. सुंदर चोळ हा राजा तंजावुरात आजारी आहे. थोरला पुत्र आदित्य करिकाल उत्तरेकडे कांचीपुरात आणि धाकटा अरुळमोळी समुद्रापार लंकेत आहे. कन्या कुंदवै पळैयारैच्या वाड्यातून राज्याची सूत्रे जपत आहे. वंद्यदेव नावाचा एक तरुण, हसतमुख आणि काहीसा अविचारी योद्धा निरोप्या होऊन या सर्वांच्या मधून घोडा दौडवितो. आकाशात धूमकेतू आहे, भुयारे आहेत, गुप्तहेर आहेत, समुद्रातील वादळ आहे आणि नंदिनी नावाची सूडाने पेटलेली रूपवती आहे. अशी ही इतिहासाच्या चौकटीत बसविलेली अद्भुतकथा आहे. तिला शुद्ध इतिहास म्हणता येत नाही आणि निव्वळ परीकथाही म्हणता येत नाही; प्रेक्षकांच्या मतांतील बहुतेक तंटे याच दुहेरी स्वभावातून निर्माण झाले.

या मतांकडे वळण्यापूर्वी प्रेक्षकाच्या अधिकाराविषयी आपल्या परंपरेने काय म्हटले आहे ते पाहिले पाहिजे. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या यशापयशाचा, म्हणजे सिद्धीचा, स्वतंत्र अध्याय आहे. प्रेक्षकांचे स्मित, हास्य, शाबासकी, हळहळ, अंगावर उठणारे रोमांच, आसनावरून उठणे, नटांकडे वस्त्रे व अंगठ्या फेकणे, या सर्वांची तेथे यशाच्या खुणा म्हणून नोंद आहे. याहून लक्षणीय गोष्ट पुढे येते. मतभेद झाल्यास निर्णय देणाऱ्या परीक्षकांची यादी भरत देतो. तीत यज्ञवेत्ता, नर्तक, छंदोवेत्ता, वैयाकरण, राजा, चित्रकार, गणिका, संगीतज्ञ, राजसेवक आणि धनुर्विद्येचा जाणकार यांचा समावेश आहे. राजाचा तोरा राजाने तपासावा, शृंगार गणिकेने तपासावा आणि रंगभूमीवर शस्त्र कसे धरले गेले ते शस्त्र धरणाऱ्याने सांगावे, अशी ही योजना आहे. साहसनाट्याचा प्रेक्षक हा अडाणी बघ्या नसून एखाद्या विषयातला जाणता असू शकतो, ही गोष्ट येथे फार पूर्वीच मान्य झालेली आहे.

त्याच ग्रंथात युद्धाच्या अभिनयासाठी नियम आहेत. शस्त्र चालविण्याच्या चार पद्धती, ज्यांना न्याय म्हटले आहे, त्या तेथे सांगितल्या आहेत. आणि प्रत्यक्ष घाव घालू नये, रक्त सांडू नये, प्रहार केवळ संकेताने दाखवावा, असेही बजावले आहे. मात्र संकेत म्हणजे ढिलाई नव्हे. शस्त्र आलीढ या पवित्र्यात सज्ज करावे आणि प्रत्यालीढ पवित्र्यात सोडावे, इतक्या बारकाव्यापर्यंत शास्त्रकार जातो. घाव खोटा असेल, पण पाय खरे पडले पाहिजेत.

तंजावुरात या नियमाची साक्ष पाहावयास मिळते. बृहदीश्वर मंदिराच्या गाभाऱ्याभोवती जो अंधारा प्रदक्षिणामार्ग आहे, त्याच्या भिंतीवर चोळकालीन चित्रे आहेत. नायकांच्या काळात त्यांवर नव्या चित्रांचा थर चढला होता. खालची मूळ चित्रे १९३१ साली एस. के. गोविंदस्वामी यांनी उजेडात आणली. त्यांत त्रिपुरांतकाचे भव्य चित्र आहे. आठ हातांचा शिव रथावर उभा आहे, ब्रह्मदेव सारथ्य करीत आहे, समोर असुरांची सेना आहे. यातील एकही गोष्ट कोणा मर्त्याने डोळ्यांनी पाहिलेली नाही. तथापि शिवाचा पवित्रा अचूक आलीढ आहे. म्हणजे राजराजाच्या चित्रकारानेही संपूर्ण अद्भुताचेच चित्र काढले, परंतु धनुष्य धरणाऱ्या देहाच्या बाबतीत त्याने सूट घेतली नाही. मंदिराच्या वरच्या मजल्यावर शिल्पांकित झालेली ८१ करणेही देहाच्या याच शिस्तीची साक्ष देतात.

नाट्य पाहण्याची या नगरीची सवयही तितकीच जुनी आहे. वैशाखातील उत्सवात ‘राजराजेश्वर नाटकम्’ सादर करणाऱ्या नटाला व त्याच्या वंशजांना दरवर्षी धान्य द्यावे, अशी व्यवस्था दुसऱ्या राजेंद्र चोळाच्या काळातील एका शिलालेखात नोंदलेली आहे. नाटकाची संहिता राहिली नाही, धान्याचा हिशेब मात्र दगडावर राहिला. पुढे नायक आणि त्यांच्यानंतर भोसले राजांच्या काळात दरबारी नाटकाला बहर आला. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी १६८४ ते १७१२ या आपल्या राजवटीत तेलुगू व मराठी नाटके रचली. त्यांचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठीतील अगदी प्रारंभीच्या नाटकांपैकी एक मानले जाते. विष्णुदास भावे यांचा ‘सीतास्वयंवर’ हा प्रयोग सांगलीस १८४३ साली झाला. त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी कावेरीकाठी मराठी नाटके लिहिली जात होती, ही गोष्ट मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तंजावूरजवळच्या मेलट्टूर या गावी भागवत मेळ्याची परंपरा आजही चालू आहे. नृसिंहजयंतीच्या सुमारास तेथे प्रल्हादाचे आख्यान होते. नृसिंहाचा मुखवटा देवळात पूजिला जातो, तो धारण करणारा नट उपास करतो आणि हिरण्यकशिपूशी सामना होताना त्याच्या अंगात इतका आवेश संचारतो की त्याला इतरांनी धरून ठेवावे लागते. खांब फोडून बाहेर येणारा देव ही कल्पिताची परिसीमा होय. तेथील प्रेक्षक मात्र तिला खोटी म्हणत नाही, कारण धरणाऱ्यांच्या हातांना लागणारा जोर त्याला स्पष्ट दिसत असतो.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे २०२२ व २०२३ मधील मतभेदांचा अर्थ अधिक नीट लागतो. ही मते तीन प्रश्नांभोवती जमलेली दिसतात. पहिला प्रश्न शस्त्राचा, दुसरा कथेचा आणि तिसरा स्थळाचा.

प्रथम शस्त्राविषयी. तमिळ प्रेक्षकाला पडद्यावरील तलवारबाजी नवीन नाही. एस. एस. वासन यांच्या ‘चंद्रलेखा’ (१९४८) या चित्रपटात प्रचंड नगाऱ्यांवरील नृत्य संपताच त्या नगाऱ्यांतून सैनिक बाहेर पडतात आणि शेवटी रंजन व एम. के. राधा यांचे लांबलचक द्वंद्व होते. एम. जी. रामचंद्रन यांच्या ‘नाडोडी मन्नन’ (१९५८) सारख्या चित्रपटांनी तलवारीचा हात आणि सिलंबम म्हणजे काठीचा खेळ यांची गोडी खेडोपाडी पोचविली. सिलंबमच्या आखाड्यात वाढलेल्या गावकऱ्याला नायकाची पकड सैल आहे की घट्ट, हे सांगावे लागत नाही. याच रामचंद्रन यांनी ‘पोन्नियिन सेल्वन’चे चित्रपटहक्क घेतले होते, पण तो चित्रपट त्यांच्या हातून झाला नाही.

त्यानंतरच्या काळात ‘बाहुबली’ च्या दोन भागांनी (२०१५ आणि २०१७) अतिमानुष पराक्रमाची सवय लावली. त्यामुळे मणिरत्नम यांच्या चित्रपटापाशी प्रेक्षकांत फूट पडली. एका वर्गाला येथील लढाया फिक्या वाटल्या. नायक एकटा शंभरांना लोळवीत नाही, हा त्यांना उणेपणा वाटला. दुसऱ्या वर्गाला नेमके हेच रुचले. वंद्यदेव पळतो, दमतो, पकडला जातो, बोलून सुटका करून घेतो. त्याचा पराक्रम माणसाच्या मापाचा आहे. ही दोन्ही मते आवडीनिवडीची असली, तरी त्यांच्या मुळाशी एकच अपेक्षा आहे. तलवारीला वजन असावे, ही ती अपेक्षा होय. पहिल्याला ते वजन परिणामातून दिसावयास हवे होते, दुसऱ्याला ते श्रमातून दिसले.

तलवारीचे हे वजन एकेकाळी याच राजवाड्यात प्रत्यक्ष तोलले जात असे. आवारातील उंच मनोरा शस्त्रागाराचा मनोरा म्हणून ओळखला जातो. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुत्रावाचून मरण पावले, कंपनी सरकारने राज्य खालसा केले आणि शस्त्रागाराचा संग्रह पुढे विखुरला. पुष्कळशी शस्त्रे मोडून जुने लोखंड म्हणून विकली गेली. निवडक शस्त्रे मद्रासच्या सरकारी संग्रहालयात गेली. तेथील तंजावूरच्या कट्यारी पाहण्यासारख्या आहेत. कित्येकींना युरोपात घडविलेली पाती आहेत आणि मुठी मात्र दक्षिणेच्या कारागिरीच्या. शस्त्रे प्रवास करतात, देवघेव करतात, हा धडा त्या कट्यारी देतात. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात दांडपट्टा फिरताना ज्याने पाहिला आहे, त्याला या संग्रहातील मुठींचा अर्थ लगेच कळेल. नुसत्या पडद्यावरून तो कळणे कठीण.

दुसरा प्रश्न कथेचा. या बाबतीत कादंबरी वाचलेले आणि न वाचलेले अशी प्रेक्षकांची सरळ विभागणी झाली. न वाचलेल्यांची, विशेषतः तमिळनाडूबाहेरील प्रेक्षकांची, तक्रार अशी की नावे आणि नाती इतकी आहेत की पहिला तास ओळख करून घेण्यातच जातो. वाचलेल्यांची तक्रार उलट होती. मणिमेकलै हे पात्र चित्रपटात नाही. सेंदन अमुदन याच्या जन्माचे जे रहस्य कादंबरीच्या शेवटाला कलाटणी देते, तेही गाळले गेले आहे. पाच भागांची कथा सुमारे साडेपाच तासांत बसवावयाची तर काही तोडावे लागणारच, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. परंतु ज्या पात्रांबरोबर घरातील दोन-तीन पिढ्या वाढल्या, त्यांतील एखादे न दिसणे म्हणजे लग्नघरी एखादा नातेवाईक न दिसण्यासारखे होते.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कादंबरीचा हा अभिमानी वाचक बदलाविरुद्ध तक्रार करताना इतिहासाची बाजू घेत नव्हता. तो कल्कींच्या कल्पिताची बाजू घेत होता. नंदिनी, आळ्वारकडियान, नावाडी पूंगुळली ही सर्व कल्कींनी निर्मिलेली माणसे होत. इतिहासाचा पुरावा फार त्रोटक आहे. काट्टुमन्नारकोइलजवळील उडैयारगुडी येथील शिलालेखात आदित्य करिकालाच्या खुनाबद्दल द्रोही ठरलेल्या सोमन, रविदासन, परमेश्वरन या बंधूंची व त्यांच्या आप्तांची मालमत्ता जप्त केल्याचा उल्लेख आहे. बृहदीश्वर मंदिराच्या शिलालेखांत राजराजाची थोरली बहीण कुंदवै हिने दिलेल्या मूर्तींच्या व दागिन्यांच्या याद्या आहेत आणि तिच्या पतीचे नाव वल्लवरैयर वंद्यदेवर असे आले आहे. एक खून, एक जप्ती, एक दानशूर बहीण आणि तिच्या नवऱ्याचे नाव, एवढ्या धाग्यांवर कल्कींनी पाच भागांचे वस्त्र विणले. ते इतके दाट विणले गेले की पुढे लोकांना धागे आणि वस्त्र वेगळे करता येईनासे झाले.

यातूनच तिसरा आणि सर्वांत नाजूक प्रश्न, स्थळाचा, उद्भवतो. चित्रपटातील राजवाड्यांचे बरेचसे चित्रण उत्तरेत, ओरछा व ग्वाल्हेर अशा ठिकाणी झाले. तेथील दगडी सज्जे, घुमट्या आणि कमानी पाहून अनेक तमिळ प्रेक्षकांनी आक्षेप घेतला की हे चोळांचे घर नव्हे. आक्षेप योग्य होता. गंगैकोंडचोळपुरमजवळ मालिगैमेडू येथे उत्खननात राजेंद्र चोळाच्या वाड्याचे जे अवशेष मिळाले, ते विटांच्या बांधकामाचे आहेत. तेथे कौलेही सापडली आहेत. दगड देवासाठी, वीट, लाकूड आणि कौल माणसासाठी, मग तो माणूस राजा का असेना, अशी ती रीत होती. म्हणूनच चोळांची देवळे उरली आणि वाडे उरले नाहीत.

मग प्रेक्षक चोळांचे घर शोधावयास कोठे जाणार? तमिळनाडू पर्यटन विकास महामंडळाने २०२२ मध्येच कादंबरीतील स्थळांच्या सहली जाहीर केल्या, आणि तंजावूर हे त्या वाटेवरचे मुख्य ठाणे. प्रवासी मोठे देऊळ पाहतो आणि मग राजवाड्याकडे वळतो. परंतु या राजवाड्यात सुंदर चोळाची शय्या नाही आणि पळुवेट्टरैयरांचे कोषागारही नाही. हा वाडा सोळाव्या शतकात नायकांनी बांधावयास घेतला आणि १८५५ पर्यंत भोसल्यांनी वाढविला. संगीत महाल नायकांचा. दरबारातील रंगीत खांब व चित्रे बव्हंशी मराठ्यांच्या काळातील. सरस्वती महाल हे ग्रंथालय नायकांच्या संग्रहावर उभे राहून दुसऱ्या सरफोजीराजांच्या हातून (१७९८ ते १८३२) विस्तारले. चोळकाळ येथे भेटतो तो कलादालनातील पंचरसी मूर्तींच्या रूपाने, आणि त्याही येथे अलीकडे, १९५१ नंतर, निरनिराळ्या देवळांतून व जमिनीतून येऊन राहिल्या.

अशा वेळी पाहणाऱ्याचे दोन मार्ग संभवतात. निराश होऊन तो निघून जाईल, किंवा जे नाही ते येथे आहे अशी समजूत करून घेईल. दुसरा मार्ग अधिक धोक्याचा आहे, कारण त्यात पडद्यावरचे चित्र खऱ्या भिंतीची जागा घेते. या चित्रपटाच्या निमित्ताने आदित्य करिकालाच्या कपाळावरील गंधाच्या आकारावरून प्रदर्शनापूर्वीच आक्षेप निघाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये राजराजाला कोणत्या धर्मनामाने संबोधावे यावर जाहीर वाद झाला. एक हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची ओळख आजच्या भांडणात वापरली जाते, तेव्हा करमणुकीचा प्रश्न करमणुकीपुरता राहत नाही. मराठी प्रेक्षकाने हे परके समजू नये. ‘तान्हाजी’ (२०२०) आणि ‘पावनखिंड’ (२०२२) या चित्रपटांच्या वेळी महाराष्ट्रातही शौर्याचा आनंद आणि इतिहासाची चौकशी यांची अशीच ओढाताण झाली होती.

मात्र मराठी प्रेक्षकाला तंजावुरात एक वेगळी संधी आहे. येथे तो घरचाही आहे आणि पाहुणाही. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत शिलालेख म्हणून कोरविला, तो कोणत्या भिंतीवर? राजराजाच्या मंदिराच्या प्राकारावर. चोळांच्या दगडावर मराठी अक्षरे आहेत, आणि दोन्ही मिळून आजचे तंजावूर झाले आहे. याच राजांच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक आहे. कुरवंजी हा तमिळ प्रकार, त्यात भविष्य सांगणारी डोंगरातील स्त्री येते. सरफोजींनी त्या स्त्रीच्या तोंडी जगाचा भूगोल घातला. अद्भुत पात्राच्या मुखातून खरे ज्ञान प्रेक्षकापर्यंत पोचविता येते, याचा हा उत्तम दाखला होय. कल्पित आणि सत्य यांचे वैर असलेच पाहिजे असे नाही. मात्र कोणत्या ठिकाणी एक संपते आणि दुसरे सुरू होते, हे पाहणाऱ्याला कळावे लागते.

प्रेक्षकांच्या या साऱ्या मतांतून एक गोष्ट निश्चित होते. साहसपटाचा प्रेक्षक अशक्य गोष्टीवर रागावत नाही. धूमकेतू, भुयार, दोन स्त्रियांचे एकच रूप, हे सर्व तो खुशीने मान्य करतो. तो रागावतो ते निष्काळजीपणावर. तलवार हलकी पडली, ओळखीचे माणूस कारण न देता वगळले, किंवा घर दुसऱ्याचेच दाखविले, म्हणजे त्याचे मन दुखावते. भरताने धनुर्धराला परीक्षकांत बसविले होते ते यासाठीच. आजच्या चित्रपटगृहात तो धनुर्धर, तो चित्रकार आणि तो वैयाकरण अनोळखी चेहऱ्यांनी बसलेले असतात. त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची व्यवस्था तेवढी राहिलेली नाही.

ती व्यवस्था काही अंशी ग्रंथालये करू शकतात. सरस्वती महाल १९१८ साली सर्वांसाठी खुला झाला. तेथे तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी हस्तलिखिते व मोडी कागद शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. चित्रपट पाहून उत्सुक झालेला तरुण या दारापर्यंत आला, तर त्याला शिलालेखाचे वाचन, कादंबरी आणि वाड्याचा नकाशा एकत्र पाहता यावा, आणि तोही त्याच्या भाषेत. गावोगावच्या वाचनालयांनाही हे अशक्य नाही. ज्या आठवड्यात असा चित्रपट गावात लागतो, त्या आठवड्यात त्या विषयावरील चार पुस्तके दारातील टेबलावर मांडून ठेवणे, एवढ्यानेही पुष्कळ साधेल. त्या टेबलाशी उभे राहून दोन माणसे तलवारीच्या मुठीवरून किंवा कौलाच्या आकारावरून वाद घालू लागली, म्हणजे प्रेक्षकाचे मत हवेत विरले नाही असे समजावे.